साहेबाचा उभा चरक

कुंडलिक काताऱ्याचा चरक अखेर जमिनीनं गिळला.

हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढं कुणाच्या जिवाला घोर नको. आता ते विसरून जायचं. चरक कुणी गिळलेला नाही. तो अजून आलेलासुद्धा नाही. सन चौतीसचा पावसाळा नुकता सरलाय, बारामतीच्या आळीत कुंडलिक आपल्या जुन्या बसक्या चरकापुढं उभा आहे, आणि दुखणं नेमकं तेच आहे, की तो उभा आहे.

काताऱ्याला उभं राहून भागत नाही. त्याचा चरक जमिनीपासून वीतभर वर. दोन खुंटांच्या मधे लाकूड अडकवायचं, लाकडाला वादीचा वेढा द्यायचा, बायकोनं समोर बसून ती वादी ताक घुसळल्यासारखी ओढायची, आणि काताऱ्यानं गुडघे मोडून बसून, पटाशी हातात धरून पायाच्या अंगठ्यानं रेटायची. मग लाकडातून लाटणं निघतं, बाजेचा पाय निघतो, भोवरा निघतो. कुंडलिकचा आजा असाच बसला, बाप असाच बसला. कुंडलिकही पन्नाशी येईतो बसला. मग एका सकाळी तो बसायला गेला आणि गुडघे म्हणाले, तू हो पुढं, आम्ही काही येत नाही.

बिब्बे झाले, शेक झाले, निरगुडीचा पाला बांधून झाला. गुडघ्यांनी सगळं निवांत करून घेतलं आणि होते तसेच राहिले. चरक उचलून चौरंगावर ठेवून पाहिला. हात पोचले, पण एक पाय चौरंगावर टाकून दिवसभर उभं राहणं हे काम काताऱ्याचं नव्हे, डोंबाऱ्याचं.

अशात त्याचा मेव्हणा मोहनराव जळोचीहून आला. लोणी भापकरचं घर सोडून तो तिथं जाऊन राहिला होता. पाटाच्या पाण्यावर त्याची पेरूची बाग होती, वांगी होती, कोबी होता, आणि या सगळ्याला शोभेल असा आवाज होता. येताना तो टोपलीभर पेरू आणि एक नोकरी घेऊन आला.

"दाजी, कशाला जिवाचं हाल करून घेताय? माज्या बागंत या. माळ्यावर बसायचं, गोफण फिरवायची, पाखरं हाकायची. खायाप्यायाला मी हाय की."

"माळ्यावर चढायचं कसं?" कुंडलिकनं विचारलं.

"शिडीनं."

"आन गुडघं?"

मोहनरावानं खरोखर विचार केला. तो मनानं वाईट नव्हता. "मग खालीच हुबं ऱ्हावा की. नुसतं हात हालवत ऱ्हायाचं. बुजगावण्यावानी."

त्या दिवशी कुंडलिकला घास गेला नाही. त्याला मरणाचं भय नव्हतं. भय होतं ते हातांचं. हे हात नुसत्या स्पर्शानं सांगत, की ही बाभूळ माळाची आणि ही ओढ्याकाठची. आता ते पेरूच्या झाडाखाली कावळ्यांना नको नको म्हणत हलणार. आणि कावळ्याची जात हुशार. चार दिवसांनी कावळेसुद्धा ओळखणार, की याच्या हातात काही नाही.

तेवढ्यात इंदापूरच्या एका साहेबाला विलायत आठवली.

साहेब बंगला सोडून चालला होता आणि त्याच्या सामानाचा लिलाव होता. खुर्च्या गेल्या, मच्छरदाणी गेली, न्हाण्याचा पांढरा डोण एका बागाईतदारानं म्हशीच्या आंबोणासाठी नेला. शेवटी राहिलं एक लोखंडी यंत्र. साहेबाला रिकामपणी लाकूड कातायचा नाद होता, त्याचा तो चरक. त्याला एक भलंमोठं चाक होतं. चाक दांडीनं फिरवलं की पट्टा फिरे, पट्ट्यानं लाकूड फिरे. पुढं पटाशी टेकायला लोखंडी आडवी पट्टी. म्हणजे अंगठ्याची गरजच नाही. काताऱ्यानं उभं राहायचं!

गर्दीतल्या एकाला ते उसाचा रस काढायचं यंत्र वाटलं. त्यानं त्यात ऊस घालून चाक फिरवलं. ऊस सुरेख गोल फिरला, रस निघाला नाही. यंत्र नादुरुस्त ठरवून तो निघून गेला, आणि त्याच्यामागं बाकीचेही गेले. बोली बोलायला कुंडलिक एकटा उरला. कुणाला तरी आता हे कळेल या भयानं त्यानं बोली लिलाववाल्याच्या कानातच सांगितली.

चरक त्याला मिळाला, पण पायांशिवाय. पाय साहेबानं बंगल्याच्या फरशीत पक्के रोवून घेतले होते, आणि फरशी लिलावात नव्हती.

कळंबच्या दत्तोबा सुतारानं आपल्या गाडीत घालून ते लोखंड आणलं. बारामतीच्या आळीत चाक दारातून आत जाईना, म्हणून गाडी तशीच जळोचीला गेली आणि मोहनरावाच्या पेरूबागेच्या कडेला, कोबीच्या वाफ्यांलगत एक छप्पर होतं, तिथं सामान उतरलं. आता घोडी करायची होती: चार पायांची, बाभळीची, चरक पेलणारी.

"हुंची किती धरू, तात्या?" दत्तोबानं कुंडलिकला विचारलं. तिकडं नव्या साखर कारखान्याच्या शेडांवर तो वर्षभर काम करून आला होता, त्यामुळं त्याला सगळ्यातलं थोडं थोडं कळत असे. "तितला फिटर सांगायचा, हुभ्या चरकाचं एकच माप. मानसानं सरळ हुबं ऱ्हायाचं, हात दुमडायचा. कोपर जितं येतंय, लाकूड तितं फिराया पायजे. बोटभर वर झालं का खांदं गेलं. बोटभर खाली झालं का कंबार गेली. ऱ्हावा सरळ, सुतळी लावतो."

दत्तोबानं सुतळीचं एक टोक कुंडलिकच्या टाचेशी धरलं, दुसरं वर नेलं, आणि कुंडलिकच्या बायकोनं, सरुबाईनं, ती सुतळी मधूनच हिसकली.

"जित्या मानसाला सुतळी लावताय? लाज न्हाय वाटत?"

"आवो वयनी, कोपराचं माप हाय नुसतं."

"कोपराचं असू न्हाय तर कशाचं. टाचंपास्नं वर सुतळी कवा लावत्यात ठावं हाय मला. तिरडीचा बांबू तोडताना! आमच्या लोणी भापकरला हुभ्या मानसाला सुतळी लावली का त्यो आडवा होतो. माज्या चुलत्याला लावली हुती, दाराची चौकट करताना. चार दिसांत गेला."

"कशानं?"

"म्हशीनं ढुसनी दिली."

"मग म्हशीला काय सुतळीनं सांगितलं व्हतं?"

"म्हस त्याच दारातनं आली!" सरुबाई म्हणाली.

यावर सुतारशास्त्रात उत्तर नाही. दत्तोबानं सुतळी गुंडाळली. कुंडलिक म्हणाला, "अगं, मी आडवा झालो तर झालो, पर आदी हुबा तर ऱ्हाऊ दे." पण सरुबाईचे डोळे भरून आले होते आणि भरल्या डोळ्यांपुढं तो लहानपणापासून कच्चा. बरं, वादी ओढून ओढून तिचे खांदे उतरलेले. चाक फिरवायचंही तिच्याच कपाळी होतं. तिचं एवढं ऐकायला हवं होतं.

मग तोड निघाली. कुंडलिकच्या उंचीचा दुसरा माणूस मोजायचा. असा माणूस कोणता, हे सरुबाईनंच सांगितलं.

"आमचा मोहन. लग्नात त्यानं ह्यांचा कान पिळला तवा दोगं बराब्बर हुतं. सगळ्या मांडवानं बगितलंय."

"आन त्याला सुतळी लावलेली चालतीया?"

"त्याला काय व्हत न्हाय. त्यो जेजुरीच्या खंडोबाच्या नवसाचा हाय."

कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा असतो, आणि त्या मांडवात खरोखरच दोघं खांद्याला खांदा लागून उभे होते. फक्त तेव्हा मोहनराव मिसरूड न फुटलेला पोरगा होता. त्यानंतर तो वाढत गेला, कुंडलिक बसत गेला. वर्षानुवर्षं चरकापुढं बसून त्याच्या पाठीनं एक बाक घेतला तो घेतलाच. पण मांडवात जे सगळ्यांनी पाहिलं ते खोटं कसं म्हणायचं? कुंडलिकला शंका होती. ती त्यानं गिळली. वेळच तशी होती.

मोहनराव मोजून घ्यायला आला तो नव्या जाड वहाणा घालून, छाती काढून.

"वहाना काढा, मोहनराव," दत्तोबा म्हणाला.

"मापाला अनवानी हुबा ऱ्हाऊ? गाव बगतंय."

गाव म्हणजे दोन शेळ्या आणि एक वांगी तोडणारी बाई होती. तरी माप वहाणांसकट घेतलं गेलं.

घोडी झाली. तासून, ठोकून, हत्तीनं टेकावं अशी पक्की झाली. चरक तिच्यावर बसला. सरुबाईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, पाच सवाष्णींची ओटी भरली. मग कुंडलिक पुढं उभा राहिला, त्यानं हात दुमडला, आणि लाकूड त्याच्या कोपराला नव्हे, जवळजवळ बगलेला आलं.

दत्तोबानं आधी घोडीकडं पाहिलं, मग मोहनरावाच्या वहाणांकडं.

"करवत आन," कुंडलिक म्हणाला. "पाय कापू."

"पुजल्यावर?" सरुबाई म्हणाली. "पुजल्या लाकडाला करवत लावनार? आन मग पटाशी हातात धरनार?"

दत्तोबानंही कानाला हात लावला. तो कारखान्यावर वर्षभर राहिला होता खरा, पण वर्षभरच.

कुंडलिक तसाच कातायला लागला. खांदे कानाला टेकलेले, कोपरं हवेत, जणू कुणी त्याला काखेत धरून उचललंय. पटाशी वरून लाकडात घुसे आणि लाकूड उडून कोबीत पडे. पायाखाली पाट घेतला, तर पाट ओल्या जमिनीवर घसरे. आणि त्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला काही सुचेना; आजवर पटाशी रेटणारा तो अंगठा रिकामाच मातीत रुतून जोर करत राही. सांजंपर्यंत एक लाटणं झालं. सरुबाईनं ते हातात घेऊन फिरवलं आणि कोपऱ्यात ठेवून दिलं. भाकरी थापून करणाऱ्या घरात लाटणं तसंही दिसायलाच असतं. पण हे दिसायलाही नव्हतं.

मोहनराव रोज येऊन उभा राही. "जमंल, जमंल," म्हणे. "न्हाय जमलं तर माज्याकडं हायेच." हे तो धीर द्यायला म्हणत असे, आणि कुंडलिकला ते ऐकू येई तेव्हा पाठीतून गार पाणी जाई.

मग चरक उतरायला लागला.

पहिल्यांदा सरुबाईच्या ध्यानात आलं. चाक फिरवताना तिला वाटलं, आज धन्याचे खांदे कानापासून जरा सुटलेत. दुसऱ्या दिवशी आणखी सुटले. घोडीचे पाय बोटभर जमिनीत गेले होते. कोबीच्या वाफ्यांत पाणी सोडलं की ते छपराखाली पाझरे, जमीन लोण्यासारखी होई, आणि वर लोखंडाचं आणि बाभळीचं ओझं. पण हे असं कुणी मांडलं नाही. सरुबाईनं मांडलं ते असं:

"बगा. करवत लावली न्हाय म्हनून द्येव आपसूक उतरवतोय."

तिनं चरकाला झेंडूची माळ घातली. दत्तोबा कळंबहून मुद्दाम पाहायला आला आणि कौतुकानं म्हणाला, की असं उतरतं काम कारखान्यावरसुद्धा नाही. माणसं येत, वाकून घोडीचे पाय पाहत, "आजून दोन बोटं," म्हणत आणि पेरू खात. कुंडलिक रोज सकाळी हात दुमडून चरकापुढं उभा राही. बरीच वर्षं देवापुढं तो इतक्या नेमानं उभा राहिला नव्हता.

दत्तजयंती झाली, आणि तिच्यानंतरच्या सोमवारी लाकूड कोपराला आलं.

त्यानं हात दुमडला आणि कळलं. सुतळी नको, फिटर नको. खांदे आपल्या जागी होते, कंबर आपल्या जागी होती, आणि गुडघे, ज्यांना कुणी काही विचारलंच नव्हतं, ते मुकाट सरळ उभे होते. "फिरीव," तो म्हणाला. सरुबाईनं चाक धरलं. पटाशी लाकडाला टेकली आणि सालीची लांब चकली सुटून त्याच्या मनगटावरून घरंगळली. त्यानं बाजेचा एक पाय काढला. मग दुसरा, मग तिसरा, चौथा. चारही असे सारखे, की कुठला आधीचा ते त्यालाही सांगता येईना. मग त्यानं पाचवा काढला.

"पाचवा कशाला?" सरुबाईनं विचारलं. "बाजंला पाच पाय कुटं असत्यात?"

"असू दे," तो म्हणाला. तो हसत होता. नवऱ्याचे दात तिला फार दिवसांनी दिसले, दोन कमी होते.

त्या सकाळी तिथं बरीच माणसं होती. धोंडे होते, फळ्या होत्या, सुतार होता. घोडीच्या पायांखाली काही तरी सारावं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. देवाचं काम चाललेलं असताना मधे धोंडा कोण घालणार?

मंगळवारी लाकूड कोपराच्या बोटभर खाली होतं. कुंडलिकनं ते पाहिलं आणि स्वतःला सांगितलं, की आज आपण ताठ उभे आहोत. बुधवारी तो थोडा कमी ताठ उभा राहिला. गुरुवारी चरकापुढं वाकल्यावर कमरेत कळ आली, तेव्हा मात्र त्यानं पटाशी टाकली आणि ओरडला, "आरं, धरा त्याला!"

पहार आली, धोंडे आले. एका पायाखाली धोंडा सारला तर उरलेले तीन रुसून आणखी खाली गेले. चारी पायांखाली धोंडे घातले. जमिनीनं आधी धोंडे गिळले आणि मग पुन्हा पायांकडं वळली. मोहनरावाची बैलजोडी जुंपून वर ओढायचं ठरलं. बैलांनी मान टाकून ओढलं, नाडा तुटला, आणि बैल कोबीचे दोन वाफे तुडवून पार ओढ्यापर्यंत गेले. त्या गडबडीत चरक चार बोटं आणखी बसला.

कुंडलिकनं मोहनरावाचे हात धरले. "मोहनराव, तुमच्या पाया पडतो. छपराकडच्या वाफ्याला पानी नका सोडू. येवढा हिवाळा."

मोहनरावाचा चेहरा खरंच कसनुसा झाला. "दाजी, पाटकरी पान्याची पाळी देतो तवा घ्यावी लागती. आन कोबी काय म्हनंल?"

कोबीला विचारलं गेलं नाही. पाणी आलं.

मग कुंडलिकनं कुदळ घेतली. चरक खाली जातोय तर आपणही खाली जायचं. चरकापुढं तो स्वतःसाठी खड्डा खणू लागला, तशी सरुबाई छाती पिटत आली. "आवं, जित्तेपनी सोताचा खड्डा खनताय?" पण या खेपेला त्यानं तिच्या डोळ्यांकडं पाहिलंच नाही. तो खड्ड्यात उतरला. हात दुमडला. कोपर लाकडाला आलं! त्यानं पटाशी टेकवली, आणि खालून थंडगार पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला, मग गुडघ्याला. तरी तो कातत राहिला. एक बेडूक येऊन काठावर बसला आणि शेवटपर्यंत पाहत राहिला. लाटणं पुरं झालं तेव्हा गुडघ्यांनी होतं नव्हतं तेवढंही वळण सोडलं होतं. त्याला काखेत धरून वर काढावं लागलं.

चरक मात्र एके दिवशी थांबला. खाली मुरूम लागला असावा. त्यानंतर पाणी आलं, गेलं. तो तसूभर हलला नाही. दत्तोबानं हलवून पाहिला आणि म्हणाला, "आता भूकंप झाला तरी हालायचा न्हाय. काय पक्का बसलाय!"

चरक थांबला होता जमिनीपासून वीतभर वर.

दत्तोबा सहज त्याच्यापुढं मांडी घालून बसला. सरुबाईनं, आता चाकही निम्मं मातीत असल्यामुळं, समोर बसून कशीबशी दांडी फिरवली. दत्तोबानं पटाशी लावली आणि त्याचे डोळे चमकले. "तात्या! काय मापात आलाय बगा! खांदं न्हाय दुखत, कंबार न्हाय दुखत!" मग मोहनराव बसला, त्यालाही मापात आला. वांगी तोडणारी बाई बसली, तिलाही आला. ज्याचे गुडघे मोडत होते अशा जळोचीतल्या प्रत्येकाला तो चरक मापात होता.

"मला बसवा," कुंडलिक म्हणाला.

"दाजी, नगं."

"बसवा म्हनतो ना!"

दोघांनी त्याला दोन्हीकडून धरलं आणि जुनी खाट घडी करावी तसं हळूहळू खाली घेतलं. तो ओरडला नाही. ओठ तेवढे पांढरे झाले. बसला. हात चरकावर गेले, उजव्या पायाचा अंगठा आपसूक पटाशीवर गेला. सरुबाईनं दांडी धरली. एक चकली निघाली, चांगली लांब. मग अंगठा थरथरला, पटाशी सुटली, आणि तो कुशीवर कलंडला तो दुमडलेलाच राहिला. त्याला उलगडायला दुपार गेली. उलगडताना तो रडत होता की काय ते कळलं नाही, कारण मोहनराव त्याच्यापेक्षा मोठ्यानं रडत होता.

दुसऱ्या दिवसापासून कुंडलिक पेरूच्या झाडाखाली उभा राहिला. हात हलवत. कावळ्यांनी चार दिवससुद्धा घेतले नाहीत.

संक्रांत उलटल्यावर तो काठी टेकत बारामतीच्या कचेरीसमोर गेला. तिथं चिंचेखाली एक अर्ज लिहिणारा बसत असे. त्यानं टाक शाईत बुडवून विचारलं, "कुणाविरुद्ध?"

"कुनाविरुद्द न्हाय."

"मग मागणी काय?"

कुंडलिकनं ती सांगितली. लिहिणाऱ्यानं वर पाहिलं, टाक कानाला लावला, पुन्हा काढला. मग दुसरं गिऱ्हाईक नसल्यामुळं त्यानं ती सरकारी भाषेत घातली:

"मेहेरबान मामलेदारसाहेब, कचेरी बारामती, यांचे हुजुरास. अर्जदार कुंडलिक, जात कातारी, धंदा सध्या पाखरे हाकणे, विनंती अर्ज करतो ऐसा जे, मौजे जळोची येथील पेरूबागेलगतच्या छपराखालील जमीन गेल्या दत्तजयंतीनंतरच्या सोमवारी सकाळी ज्या उंचीवर होती, त्याच उंचीवर ती सरकारी हुकमाने कायम करून मिळावी. तसे करण्यास कायद्याची काही अडचण असल्यास, जमिनीबद्दल अर्जदाराचा हट्ट नाही. त्याऐवजी सदरहू सोमवार अर्जदारास परत देण्याची तजवीज व्हावी."